उशीखालचं पुस्तक

मैत्रिणींनो,

या आठवड्यात वाळवणांवर लिहायचं ठरलं होतं. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, सगळी टिपणं काढून ठेवली होती. पण मंगळवारच्या टपालात एक पत्र आलं आणि पापड्या बाजूला राहिल्या. पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं आहे. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, ती पाळते. पत्र थोडं आवरून देते :

‘माई, सप्रेम नमस्कार. तुमचं सदर आमच्या सासूबाई वाचायच्या, त्यांच्यामागं मी वाचते. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी नववीत आहे. गेल्या आठवड्यात अंथरुणं काढताना तिच्या उशीखाली एक कादंबरी सापडली. नाव “शाळा”. मला वाटलं, शाळेचंच काही असेल. उघडून पाहते तर नववीतला मुलगा आणि त्याला आवडणारी वर्गातली मुलगी. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एका मुलाचं नाव लिहून खोडलेलं. मी घाबरले आणि पुस्तक ह्यांना दाखवलं. ह्यांनी ते कपाटात टाकून कुलूप लावलं, वर क्लास बंद करायची भाषा सुरू केली. पुस्तक वाचनालयाचं आहे. पोरगी चार दिवस बोलत नाही, ताटावर बसते आणि उठते. धाकटा सातवीत, इंग्रजी शाळेत. तो नुसती चित्रांची पुस्तकं वाचतो, तीसुद्धा उलटी, मागून पुढे! मोबाइल काढून घेतला की ही पुस्तकं, ही काढून घेतली की मोबाइल. सासरे पासष्टीचे आहेत, ते म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. माई, या वयाच्या मुलांनी वाचावं तरी काय? आणि मी आता काय करू?’

बाई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला आज रात्रीचा आहे, दुसरा पुढच्या पाच-सहा वर्षांचा. पहिला आधी घेऊ.

आधी कुलूप काढा

यजमानांशी बोला आणि पुस्तक मुलीच्या हातात परत द्या. देताना भाषण करू नका. ‘हे तुझं पुस्तक. न विचारता घेतलं, ते चुकलं,’ एवढं म्हणा आणि भाजी परतायला निघून या. त्या दिवशी त्या नावाबद्दल एक अक्षर विचारू नका.

आणि त्या नावाचं म्हणाल, तर पुस्तक वाचनालयाचं आहे हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ते पन्नास हातांतून फिरलं असणार. ते नाव तुमच्या लेकीनंच लिहिलं, हे कशावरून? कदाचित पाच वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी मुलीनं लिहिलं असेल, खोडलंही असेल. आणि समजा हिनंच लिहिलं असेल, तर लिहून खोडलंय ना? चौदाव्या वर्षी एखादं नाव लिहून खोडणं हा गुन्हा नव्हे. क्लास बंद करून तिला एवढंच कळेल, की घरात काही सापडलं की शिक्षा होते. मग ती लिहायची थांबणार नाही, फक्त नीट लपवायला शिकेल.

यजमान ऐकत नसतील तर त्यांना एकच सांगा : ‘तुम्ही हे पुस्तक आधी वाचा, मग पाहिजे तर कुलूप लावा.’ मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ २००४ साली आली. पुढं तिच्यावर सिनेमा निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोष्ट आणीबाणीच्या काळातली, नववीच्या एका वर्षाची. त्यात मुलं शिव्या देतात, मास्तरांना नावं ठेवतात, मुलींकडे बघतात. हे सगळं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण पुस्तक वाह्यात नाही. त्या वयाच्या मुलाला आतून काय वाटतं, ते इतक्या सरळपणे मराठीत फार थोड्यांनी लिहिलंय.

आता एक गंमत बघा. तुमचे मामंजी पासष्टीचे, म्हणजे आणीबाणीच्या वेळी ते बरोबर नववी-दहावीत असणार. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणतात ना? ती कादंबरी त्यांच्याच वेळची आहे! दुपारी चहाबरोबर त्यांच्या हाती द्या. घरातला सगळ्यात मोठा वकील तुमच्या मुलीला तिथंच मिळेल असा माझा होरा आहे.

मी हे अधिकारानं सांगत नाही

मैत्रिणींनो, सल्ला देणारी बाई शहाणी असते असं नाही. पुष्कळदा ती आधी ठेच लागलेली असते. माझी ठेच सांगते.

तीस वर्षं होऊन गेली. माझी मुलगी दहावीत, परीक्षा दोन महिन्यांवर. भूगोलाच्या पुस्तकाच्या आत दुसरं पुस्तक ठेवून वाचत बसलेली. मी ते ओढून घेतलं, तिच्यादेखत रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलं आणि दुपारी रद्दीवाला आला तेव्हा खरोखरच देऊन टाकलं. कादंबरीचं नाव सांगत नाही. चांगलं पुस्तक होतं, हे मला पुढं फार उशिरा कळलं.

पुस्तक तिच्या मैत्रिणीच्या आईचं होतं. मुलीनं मला ते सांगितलं नाही. भाऊबीजेचे साठवलेले पैसे घेऊन ती एकटी दुकानात गेली, नवी प्रत आणली आणि नेऊन दिली. मला हे समजलं ते त्या बाईंकडून, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, चारचौघींत. ‘किती गुणी हो तुमची मुलगी,’ म्हणाल्या. माझ्या हातातलं वाण खाली पडायचं बाकी होतं.

दहावीला मार्क छान पडले. पण त्या दिवसापासून लेकीनं मला ती काय वाचते ते सांगणं बंद केलं. आणि काय वाचते ते न सांगणारी मुलगी पुढं मनात काय चाललंय तेही सांगत नाही. कॉलेजात वसतिगृहावर असताना तिला एक वर्ष फार वाईट गेलं. जेवण तुटलं, झोप तुटली. मला हे तिच्या खोलीतल्या मुलीनं कळवलं. मी रात्रीच्या एस. टी. नं धावत गेले, तर म्हणाली, ‘तुला सांगून काय झालं असतं, आई?’

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. म्हणून म्हणते, कुलूप आजच काढा.

मग वाचायला द्यायचं काय?

आता दुसरा प्रश्न. पाचवी-सहावीपर्यंत मुलांना गोष्टीची पुस्तकं पुरतात. बारा-तेराव्या वर्षी अंगातले कपडे आखूड होतात तशी ती पुस्तकंही आखूड होतात. आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून ढगळ होतात. या मधल्या वयासाठीच्या लेखनाला आपल्याकडे कुमार साहित्य म्हणतात, इंग्रजीत यंग अ‍ॅडल्ट. तिकडं या प्रकाराचा पाया ज्या पुस्तकानं घातला असं मानतात, ते ‘द आउटसायडर्स’ १९६७ साली आलं. लिहिणारी एस. ई. हिंटन तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती, लिहायला तर तिनं पंधराव्या वर्षीच घेतलं होतं. मुलांच्या टोळ्यांची, मारामाऱ्यांची आणि भावाभावांच्या मायेची गोष्ट. आपल्या वयाच्या मुलांविषयी खरं कुणी लिहीतच नाही, म्हणून तिनं ती स्वतःच लिहिली.

मी खाली वयाप्रमाणं पुस्तकं सांगते. पण हे वय म्हणजे भाताला पाणी किती घालायचं तसं आहे. तांदूळ जुना की नवा, हे तुमचं तुम्ही पाहायचं.

अकरा ते तेरा. या वयात पळापळ हवी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजूनही पळतो बरं का! फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याचं ते ‘ट्टॉक’ आणि पुण्यातली सायकल. आपण वाचला, आपल्या मुलांनी वाचला, २०१७ साली त्याच्यावर सिनेमाही आला. मुलाला गुप्तहेर आवडत असतील तर सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आहे, अशोक जैनांनी केलेला अनुवाद. मुलींनाच नव्हे, मुलांनाही द्यावी अशी ‘चौघीजणी’ : अल्कॉटबाईंच्या ‘लिटल विमेन’चा शान्ताबाई शेळक्यांनी केलेला अनुवाद. त्यातली ज्यो घरच्या अडचणीसाठी आपले लांबसडक केस विकते, तो प्रसंग वाचून माझी नात दिवसभर आरशासमोर उभी होती. आणि ‘तोत्तोचान’ विसरू नका. एका शाळेतून काढून टाकलेली जपानी मुलगी, आणि रेल्वेच्या डब्यांत भरणारी तिची दुसरी शाळा. हे पुस्तक मुलांच्या आधी आयांनी वाचावं.

तेरा ते पंधरा. आता पळापळीबरोबर मन लागतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ अशी त्याची चार पुस्तकं आहेत. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा मुलगा, कानडी वळणाचं गोड मराठी. घर सोडून शिकायला राहिलेल्या मुलाला तर हे पुस्तक डब्यातल्या लाडवासारखं बरोबर द्यावं. ‘पाडस’ द्या, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं. एकटा मुलगा हरणाचं पाडस पाळतो, पाडस मोठं होऊन शेतातलं पीक खाऊ लागतं, आणि घरात धान्य तर तेवढंच. पुढं काय होतं ते वाचून मूल रडेल. रडू द्या, पाठीवर हात ठेवा, पुस्तक काढून घेऊ नका. अरुण साधूंची ‘झिपऱ्या’ मुंबईच्या स्टेशनांवर बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची आहे. आपल्या मुलाच्याच वयाची ही पोरं कशी जगतात, ते त्याला कळायला हवं. विज्ञानाची ओढ असेल तर जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या कथा. आणि वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. ती कादंबरी नव्हे, चरित्र आहे, पण कादंबरीसारखं ओढून नेतं. गुलामाच्या पोटी जन्मलेला मुलगा शास्त्रज्ञ होतो, ही गोष्ट मार्क कमी पडलेल्या आठवड्यात द्यायची.

पंधराच्या पुढे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ सालची. पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. पुस्तक बारीक आहे, त्यामुळं जाड पुस्तकाला बिचकणारा मुलगाही उचलतो. प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ : हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनिअर, आणि वरिष्ठांचा हुकूम पाळायचा की आपल्याला पटतं ते करायचं हा पेच. इंग्रजी वाचणाऱ्यांना रस्किन बाँड यांचं ‘द रूम ऑन द रूफ’ द्या. ते त्यांनी वयाच्या सतराव्या वर्षी लिहायला घेतलं होतं. रणजित लाल यांचं ‘फेसेस इन द वॉटर’ही द्या, पण आधी स्वतः वाचून. त्यात घराण्याच्या विहिरीत बुडवलेल्या मुलींची भुतं आहेत, आणि ती भुतं खेळकर आहेत, म्हणूनच जास्त अंगावर येतात. ज्या घरात ‘वंशाला दिवा’ ही भाषा अजून चालते, तिथं ते मोठ्यांनीही वाचावं.

बाई, तुमच्या लेकीची ‘शाळा’ वाचून झाली की लंपन तिच्या उशाशी ठेवा. उशीखाली नको, उशाशी. फरक तिच्या लक्षात येईल.

चित्रांचं पुस्तक म्हणजे वाचन का?

आता धाकट्याकडे वळू. तो पुस्तक उलटं वाचत नाही, बरं का. जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात. जपानी पुस्तक आपल्या उलट बाजूनं उघडतं, आणि इंग्रजीत छापतानाही पुष्कळदा चित्रांचा तोच उजवीकडून डावीकडे क्रम ठेवतात. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बांधणीवाल्यानं घोळ घातलाय! मात्र एक लक्षात ठेवा. मांगा लहानांसाठी असतात तशा अगदी मोठ्यांसाठीही असतात. वरची चित्रं सारखीच गोंडस दिसतात, म्हणून मागच्या बाजूला वयोगट छापलेला असतो तो पाहूनच घ्या.

आपण स्वतः काय वाचून वाढलो? ‘चांदोबा’. त्यात चित्रं नव्हती का? १९६७ पासून ‘अमर चित्र कथा’ आली, त्यातूनच निम्म्या लोकांना पुराणं कळली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे वाचन नव्हे. फरक इतकाच, की आता चित्रांत पूर्ण कादंबरी सांगतात. तिला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, आपण चित्रकादंबरी म्हणू. मराठीत मुळातून लिहिलेल्या अशा कादंबऱ्या फारच थोड्या आहेत. इंग्रजीत मात्र खजिना आहे, आणि इंग्रजी शाळेतला मुलगा घरात असेल तर तो खजिना वापरावा.

अकरा-बारा वर्षांच्या मुलीला रैना टेलगेमायर यांचं ‘स्माइल’ द्या. पडून पुढचे दोन दात जायबंदी झालेली मुलगी, तारा, वर्षानुवर्षं डॉक्टर, आणि तिला हसणाऱ्या मैत्रिणी. लेखिकेचीच खरी गोष्ट आहे. आपल्या दिसण्यावरून खंतावणाऱ्या मुलीला दहा उपदेशांनी जे होत नाही ते या पुस्तकानं होतं. सीसी बेल यांचं ‘एल डेफो’ हे कमी ऐकू येणाऱ्या मुलीचं, जेरी क्राफ्ट यांचं ‘न्यू किड’ हे नव्या, श्रीमंत शाळेत एकटा पडलेल्या कृष्णवर्णी मुलाचं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकाला न्यूबेरी पदक देतात. २०२० साली ते ‘न्यू किड’ला मिळालं, आणि चित्रकादंबरीला हे पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ.

चौदाच्या पुढं दोन पुस्तकं जरूर. एक ‘भीमायन’, २०११ सालचं. डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातले पाण्याचे, निवाऱ्याचे आणि प्रवासाचे प्रसंग दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेत. साताऱ्याकडचा तहानलेला शाळकरी मुलगा भीम, महाडचं चवदार तळं, सगळं आपल्याच मातीतलं. त्यात चौकटी नाहीत. आणि बोलणं कसं दाखवलंय पाहा : मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात, आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी! मुलाला विचारा, ‘या पानावर नांगी कुणाच्या बोलण्याला आहे आणि का?’ एवढ्या एका प्रश्नानं तासभर गप्पा होतात.

दुसरं आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’. लेखकाचे वडील हिटलरच्या छळछावणीतून वाचले, त्यांची हकिगत. यात ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. चित्रांवर जाऊन लहान मुलाच्या हाती देऊ नका, आत मरण आहे. १९९२ साली याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. पुढं २०२२ साली अमेरिकेत टेनेसीतल्या एका शाळा मंडळानं ते अभ्यासक्रमातून काढून टाकलं. झालं काय, तर खप एकदम वाढला! कुलूप लावलं की पुस्तक गोड लागतं, हे तिकडंही तसंच आहे. पंधरा-सोळाच्या मुलीला मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ही द्या. इराणमध्ये १९७९ ची क्रांती झाली तेव्हा नऊ वर्षांची असलेल्या मुलीची ती आठवण आहे.

घरातले चार नियम

एक : मुलांना देण्याआधी, निदान त्यांच्याबरोबर, आपण वाचावं. वेळ नसेल तर पहिली वीस पानं आणि मधली दहा. डाळ निवडताना जेवढं पाहतो तेवढं तरी.

दोन : पुस्तक आवडलं नाही तर सोडून द्यायची मुलांना मुभा असावी. ‘आणलंय तर संपव’ हे ताटातल्या भाजीला ठीक, पुस्तकाला नाही.

तीन : वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ विचारू नका. तो परीक्षेचा प्रश्न झाला. ‘तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ असं विचारा, आणि उत्तर पटलं नाही तरी गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही.

चार : काही पुस्तकं ‘अजून नाही’ असं म्हणायचा आईला हक्क आहे. पण कारण सांगून. ‘यात मारहाणीची फार वाईट वर्णनं आहेत, पुढच्या वर्षी मिळून वाचू,’ असं म्हटलं की मूल ऐकतं. ‘नाही म्हणजे नाही’ म्हटलं की उशीखाली जातं.

खर्चाचं काय?

नवी इंग्रजी चित्रकादंबरी महाग असते, महिन्याच्या बेतात बसत नाही. म्हणून गावातल्या वाचनालयाची वर्गणी मुलांच्या नावानं भरा, आपल्या नावानं नको. स्वतःचं कार्ड असलं की रुबाब वाटतो. बिशीसारखी पुस्तक-भिशीही करता येते. पाच मैत्रिणींनी महिन्याला एकेक पुस्तक घ्यायचं आणि आळीपाळीनं फिरवायचं. पाच घरांत वर्षाला साठ पुस्तकं होतात. आणि ‘किशोर’ मासिक! बालभारती ते १९७१ पासून काढते. त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर मोफत ठेवलेत. मोबाइल हातात आहेच, तर त्यावर हेही दिसू दे.

शेवटी माझ्या घरचंच सांगते. मे महिन्यात तेरा वर्षांची नात आली होती. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून तिनं मला शॉन टॅन यांचं ‘द अरायव्हल’ दिलं. म्हणाली, ‘आजी, यात एकही शब्द नाही, तुला जमेल.’ खरंच नाही. बायको आणि लहान मुलीला मागं ठेवून एक माणूस बोटीनं परमुलखात जातो. तिथली अक्षरं, फळं, जनावरं, सगळंच अनोळखी. त्याला जेवढं कळत नाही तेवढंच आपल्यालाही कळत नाही. आम्ही दोघी दुपारभर झोपाळ्यावर बसून एकेक चित्र उलगडत होतो. ती म्हणे, ‘तो घाबरलाय.’ मी म्हणे, ‘नाही गं, त्याला घरचं आठवतंय.’

माझी लेक दारात उभी राहून बघत होती. रात्री मागचं आवरताना मी तिला विचारलं, ‘त्या तुझ्या पुस्तकाचा शेवट काय होता गं? मी रद्दीत घातलेल्या?’ तिला वाटलं होतं मी विसरले. थोडा वेळ भांडी विसळत राहिली. मग म्हणाली, ‘नवी प्रत घेतली ना, तेव्हा परत द्यायच्या आधी स्टँडवर बसून वाचून काढला होता.’ आणि ओल्या हातांनी, कट्ट्याला टेकून, तिनं मला सगळी गोष्ट सांगितली. पहिल्यापासून.

तीस वर्षं लागली मला. तुम्हाला चारच दिवस झालेत. कुलूप काढा.

जाता जाता : पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागते. पावसाच्या तोंडाशी सगळी पुस्तकं एकदा काढून कोरड्या फडक्यानं पुसा, हवेशीर सावलीत उघडून ठेवा, कडक उन्हात नको, पानं पिवळी पडतात. कपाटात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यांत ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका, मध्ये हवा खेळली पाहिजे. आणि कपाट रोज कुणीतरी उघडत असेल, तर कसर लागायला वेळच मिळत नाही.

पुढच्या आठवड्यात कुरडया, नक्की! तुमच्या घरातली मुलं काय वाचतात, ते मला जरूर कळवा.

तुमची,
माई